ब्रेक दाबला की इंडिकेटर का पेटतो?

मागचा ब्रेक दाबला की ब्रेकलाइट धड लागत नाही, आणि चारही इंडिकेटर मात्र मंद उजळतात. डावा इंडिकेटर दिला तर उजवाही त्याच्या तालावर हलकेच लुकलुकतो. एखादा खड्डा आला की सगळं आपोआप जागेवर, पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. ऐरोलीत आमच्या सोसायटीतल्या एका काकांची २०१४ सालची दीडशे सीसी गाडी पावसाळा संपता संपता असं वागायला लागली. गॅरेजात आधी फ्लॅशर (इंडिकेटरला लुकलुकवणारी डबी) बदलला, मग हँडलवरचा स्विच बदलला, मग बॅटरीवर संशय आला म्हणून तीही नवी आली. शेवटी निकाल लागला: ‘काका, वायरिंग शॉर्ट झालंय. पूर्ण वायरिंग किटच टाकावं लागेल.’

शॉर्ट असता तर फ्यूज उडाला असता. प्लसची वायर मध्येच कुठे चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकली की करंटला अडवणारं काही उरत नाही, तो बेसुमार वाहतो आणि फ्यूज जळतो. इथे फ्यूज शाबूत होता, दिवे पेटत होते, फक्त चुकीचे पेटत होते. करंट कुठून तरी भलत्याच रस्त्याने जात होता, आणि तो तसा का जातो हे एकदा कळलं की दुचाकीच्या वायरिंगमधली निम्मी कोडी सुटतात.

परतीची वाट

बॅटरीच्या प्लसपासून निघून फ्यूज, चावी, स्विच करत दिव्यापर्यंत येणारी वायर सगळेच तपासतात. पण दिव्यातून गेलेला करंट बॅटरीच्या मायनसला परत पोचला तरच दिवा पेटतो. मोटारसायकलमध्ये ही परतीची वाट बऱ्याच अंशी लोखंडी चेसिस आणि इंजिनमधून जाते. मायनसची जाड केबल त्यांनाच बोल्टने कसलेली असते. मेकॅनिक याला अर्थ म्हणतात. (जमिनीशी त्याचा काही संबंध नाही. गाडी रबरी टायरवर उभी असते.)

मागचा मडगार्ड आणि दिव्याचं घर प्लास्टिकचं असतं, त्यामुळे तिथल्या दिव्यांना चेसिस थेट मिळत नाही. मग टेललाइट, ब्रेकलाइट, मागचा डावा आणि मागचा उजवा इंडिकेटर या सगळ्यांच्या परतीच्या वायरी एकत्र जोडून एकच वायर सीटखाली आणतात आणि चेसिसला कसतात. होंडा-हीरोच्या गाड्यांत ही वायर हिरवी असते, यामाहात काळी. चार कामांची परतीची वाट एकच.

आता ती एक वायर तुटली असं समजा आणि ब्रेक दाबा. करंट ब्रेकच्या २१ वॅटच्या बल्बमधून पलीकडे येतो. तिथून नेहमीचा रस्ता बंद. पण त्याच जोडावर मागच्या दोन्ही इंडिकेटरचे बल्ब लागलेले आहेत. करंट त्यांच्यात उलट्या बाजूने शिरतो, इंडिकेटरच्या वायरीने पुढे हँडलपर्यंत जातो आणि पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून पुढच्या अर्थला पोचतो. साध्या बल्बला उलटसुलट काही नसतं, तो दोन्ही बाजूंनी सारखाच पेटतो. म्हणून ब्रेक एक दाबला आणि पेटले पाच दिवे, पाचही मरगळलेले.

हिशेबही जुळतो. १२ व्होल्टवर २१ वॅटच्या पेटत्या बल्बचा रेझिस्टन्स सुमारे ७ ओहम, १० वॅटच्या इंडिकेटरचा सुमारे १४. डाव्या बाजूचे दोन इंडिकेटर एकामागे एक, उजव्या बाजूचे तसेच दोन, आणि या दोन जोड्या शेजारीशेजारी, म्हणजे त्यांचे मिळून १४ ओहमच्या आसपास. ब्रेकच्या बल्बचे ७ धरून एकूण २१. बारा भागिले एकवीस, साधारण अर्धा अँपिअर. तो दोन बाजूंना वाटला जातो, म्हणजे प्रत्येक इंडिकेटरला पाव अँपिअरच्या थोडा वर. त्याला नेहमी पाऊण अँपिअरपेक्षा जास्त मिळतो. तिसऱ्या हिश्श्यात बल्ब जेवढा लालसर मिणमिणेल तेवढाच तो मिणमिणत होता. बल्बची तार थंड असताना रेझिस्टन्स कमी असतो, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत, पण चित्र बरोबर आहे.

डावा इंडिकेटर दिल्यावरचं कोडंही याच रस्त्याने सुटतं. पुढचा डावा बल्ब आपल्या पुढच्या अर्थवर ठणठणीत पेटतो. मागच्या डाव्यातून निघालेला करंट मात्र त्या तुटलेल्या जोडावर अडतो, मागच्या उजव्यात उलटा शिरतो आणि पुढच्या उजव्यातून बाहेर पडतो. स्विच निर्दोष, फ्लॅशर निर्दोष, बॅटरी तर बिचारी कशातच नव्हती.

एका बटणाने दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीत जीव आला, म्हणजे ब्रेकने इंडिकेटर, हॉर्नने मीटरचा दिवा, हेडलाइटच्या डिपरने न्यूट्रलची बत्ती, तर त्या दोघांमध्ये सामाईक काय आहे ते शोधायचं. दहातल्या बहुतेक वेळा ती सामाईक गोष्ट म्हणजे परतीची वायर असते. माझं तर स्पष्ट मत आहे की असं लक्षण दिसल्यावर अर्थ न तपासता एकही पार्ट विकत घेऊ नये.

टूं वाजलं म्हणून वायर चांगली?

गॅरेजवाल्याने अर्थ तपासलाच नव्हता असं नाही. त्याने बॅटरी सोडली, मल्टिमीटर बझरवर (वाट जोडलेली असली की वाजणाऱ्या चाचणीवर) ठेवला, एक टोक टेललाइटच्या होल्डरला लावलं, दुसरं चेसिसला. टूं वाजलं. ‘अर्थ ओके.’ आणि इथेच वाट चुकली.

बझरच्या चाचणीत मल्टिमीटर स्वतःच्या बॅटरीतून जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो, आणि रेझिस्टन्स तीस-पन्नास ओहमच्या खाली असला की वाजतो. ब्रेकच्या दिव्याला लागतो पावणेदोन अँपिअर, म्हणजे हजारपटीहून जास्त. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल, किंवा तुटलेली टोकं नुसती एकमेकांना टेकली असतील, तरी बझर वाजतो. ठाणे स्टेशनच्या अरुंद पुलावरून रात्री दोनला एक माणूस चालत गेला तर पूल मोकळा आहे असंच वाटणार. पूल पुरतो की नाही ते संध्याकाळी साडेसहाला कळतं. वायरही गर्दीच्या वेळीच तपासायची, म्हणजे दिवा चालू असताना, करंट वाहत असताना.

जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. गंजलेल्या जोडात नेमकं काय घडतं ते त्यातूनच कळतं. ३५ वॅटचा हेडलाइट सुमारे ३ अँपिअर घेतो आणि पेटल्यावर त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स ४ ओहमच्या आसपास असतो. वाटेतल्या एखाद्या कपलरमध्ये (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात) हिरवट गंज चढून फक्त १ ओहम वाढला, तर १२ पैकी जवळजवळ अडीच व्होल्ट त्या कपलरमध्येच संपतात. दिव्याला साडेनऊच्या आसपास मिळतात. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो, त्यामुळे पाचवा हिस्सा व्होल्टेज गेला की उजेड निम्म्यावर येतो. बल्ब बदलून फरक पडत नाही, कारण बल्ब कधी खराब नव्हताच.

सेल्फची गोष्ट आणखी टोकाची. स्टार्टर मोटर इंजिन फिरवताना ५०-६० अँपिअर सहज ओढते. तिथे ०.०५ ओहम, म्हणजे एका ओहमचा विसावा भाग, वाढला तरी ६० अँपिअरवर ३ व्होल्ट गायब. आणि हे ०.०५ ओहम साध्या मल्टिमीटरवर दिसतच नाहीत, कारण त्याच्या स्वतःच्या लाल-काळ्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या कितीतरी पट असतो. ओहमच्या रेंजवर ठेवून केबल ‘चांगली’ निघते आणि गाडी टक-टक करून गप्प बसते.

म्हणून ओहम मोजायचेच नाहीत, व्होल्ट मोजायचे. याला व्होल्टेज ड्रॉपची चाचणी म्हणतात. तिच्यासाठी काही खोलावं लागत नाही, फक्त करंट वाहत असायला हवा.

काकांच्या गाडीवर ती अशी झाली. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. काळी पिन थेट बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, चेसिसवर नाही. लाल पिन टेललाइटच्या होल्डरच्या अर्थच्या पत्र्यावर. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरला. परतीची वाट धड असेल तर या दोन टोकांत फरक जवळजवळ शून्य यायला हवा, फार तर ०.१ किंवा ०.२ व्होल्ट. आकडा आला ८ च्या वर. म्हणजे त्या वाटेत जवळजवळ दोन तृतीयांश बॅटरी अडकून पडली होती.

नंतर लाल पिन एकेक पाऊल बॅटरीकडे सरकवत नेली. मडगार्डखालच्या कपलरवर, मागच्या बाजूने: ८. त्याच कपलरच्या पुढच्या बाजूला: ८. म्हणजे कपलर निर्दोष. सीटखाली, चेसिसला कसलेल्या रिंग थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) गळ्यापाशी, जिथे वायर थिंबलमध्ये शिरते तिथे: ८. आणि थिंबलच्या रिंगवर, दोन सेंटिमीटर पुढे: शून्य. आठ व्होल्ट त्या दोन सेंटिमीटरमध्ये पडत होते. वरून पाहिलं तर काही दिसत नव्हतं. काळं स्लीव्ह मागे सारल्यावर आत तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या भुग्यात मोडलेल्या, दोनचार तारा नुसत्या टेकलेल्या. खड्ड्यात गाडी हलली की त्या टेकायच्या, पुन्हा हलली की सुटायच्या. गॅरेजात गाडी स्टँडवर शांत उभी, तारा टेकलेल्या, म्हणून बझर खुशाल वाजला.

दुरुस्ती म्हणजे वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापणं, नवीन थिंबल नीट दाबून बसवणं, चेसिसवर बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडणं, दातेरी वॉशर घालून कसणं आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात. थिंबल काही रुपयांचं. बदललेला फ्लॅशर, स्विच आणि बॅटरी यांचा हिशेब मी काकांना विचारला नाही.

वायरीला सुई टोचून व्होल्टेज बघायची एक खोड सर्रास दिसते. ती टाळा. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी आत शिरतं आणि वर्षाभरात नेमकी तीच जागा सडते. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत जाते तिथून पिन सरकवली की न टोचता काम होतं.

आपल्याकडे हे इतकं का होतं

ठाण्यात आणि नवी मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. बाजूला खाडी, हवेत बारा महिने दमटपणा आणि खारटपणा. गाडी बऱ्याचदा सोसायटीच्या उघड्या पार्किंगला किंवा स्टेशनबाहेर रस्त्यावर. मागच्या चाकाने उडवलेलं घोडबंदर रोडचं चिखलपाणी सरळ मडगार्डच्या आत, कपलरवर.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण रस्त्याच्या पाण्यात मीठ, माती, तेल सगळं असतं. ते कपलरमध्ये साचलं की शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये बारीकसा करंट सुरू होतो आणि प्लसची पिन विरघळायला लागते. शाळेत तांब्याचा मुलामा द्यायचा प्रयोग केला होता, तोच इथे उलटा चालतो. चावी बंद असतानाही ज्या पिनांना बॅटरी जोडलेली असते, म्हणजे चावीच्या स्विचकडे जाणारी मुख्य वायर, फ्यूजचा होल्डर, त्या आधी जातात. त्यांना चोवीस तास प्लस असतो. सर्व्हिसिंगला प्रेशरने गाडी धुताना पाण्याची धार सीटखाली आणि हेडलाइटमागे मारली की हे काम आणखी वेगाने होतं.

हँडल वळवलं की बंद

माजिवड्याच्या पुलाखाली यू-टर्न घेताना हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं आणि इंजिन बंद. सरळ केलं, चालू. ही तक्रार ऐकली की हात आधी हँडलच्या मुळाशी, जिथे वायरिंगचा जुडगा चेसिसमधून वर येतो तिथे जायला हवा. हँडलच्या प्रत्येक वळणाला त्या वायरी वाकतात. काही वर्षांनी आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. चावी चालू ठेवून, संशयित वायरीवर मल्टिमीटर लावून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि आकडा कुठे कोसळतो ते बघायचं. एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढली तरी कळतं: जिला आत तांबं नाही ती लांबते. जोड देताना नवीन तुकडा थोडा लांब ठेवा, नाहीतर तोच ताण पुढच्या जागी येतो.

तापल्यावर मरणारी, थंड झाल्यावर जगणारी

गायमुखच्या घाटात ट्रकांच्या मागे अर्धा तास रखडल्यावर बंद पडते, बाजूला लावून चहा पिऊन आलं की एका किकमध्ये सुरू होते. गॅरेजला नेईपर्यंत थंड, तिथे सगळं नॉर्मल. प्लगला ठिणगी मिळते ती पिकअप कॉइल आणि इग्निशन कॉइल यांच्यामुळे, आणि या दोघांत केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे शंभर अंश तापल्यावर ४० टक्के जास्त. एवढं निरोगी कॉइल सहन करतं. पण तारेला कुठे बारीक चीर असेल तर तापून पसरल्यावर ती उघडते आणि करंटच बंद होतो. थंड कॉइलवर मोजून काही सिद्ध होत नाही. बंद पडल्या पडल्या, इंजिन तापलेलं असतानाच प्लगला ठिणगी आहे का ते बघावं लागतं. डिकीत एक जादा प्लग असेल तर तो कॅपला लावून, त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या धातूला टेकवून किक मारायची. हातात धरायची ती कॅपची रबरी बाजू. आधी तिथे पेट्रोलचा वास नाही याची खात्री करा.

एक सावधगिरी: हुबेहूब हेच लक्षण पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजल्यावरही येतं. टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल उतरत नाही, थोडा वेळ थांबलं की हळूहळू हवा आत जाते आणि गाडी चालू. बंद पडल्याबरोबर झाकण उघडून बघा. फुस्स असा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर कॉइलचे पैसे वाचले.

एलईडी लावले आणि चारही लुकलुकायला लागले

परतीच्या वाटेचं हे दुसरं कोडं मला सगळ्यात आवडतं, कारण यात बिघडलेलं काहीच नसतं. बऱ्याच गाड्यांच्या मीटरमध्ये इंडिकेटरची बत्ती एकच असते, डाव्या-उजव्याला सामाईक. कंपनीने ती चलाखीने जोडलेली असते: तिचं एक टोक डाव्या वायरीला, दुसरं उजव्या. डावा दिला की डाव्या वायरीत १२ व्होल्ट येतात. बत्तीतून निघालेला करंट उजव्या वायरीत जातो आणि उजव्या बल्बमधून अर्थला पोचतो. तो करंट इतका कमी असतो की १० वॅटचे दोन बल्ब पेटण्याचा प्रश्नच येत नाही. ते फक्त वाट देतात.

आता बल्ब काढून एलईडी लावले. एलईडीला पेटायला काही मिलिअँपिअर पुरतात. बत्तीतून येणारा तेवढाच करंट त्याला भरपूर झाला. डावा द्या, उजवा द्या, चारही लुकलुकणार. यावर दुकानदार नवा फ्लॅशर देतो आणि तो लावूनही चारही तसेच लुकलुकतात. फ्लॅशर बदलावा लागतोच, कारण जुना फ्लॅशर लोड कमी झाला की बल्ब उडाला असं समजून भराभर मारायला लागतो, पण ते वेगळं दुखणं. या दुखण्याला दोन डायोड लागतात, १एन४००७ चालतात, एकेक काही पैशांचा किंवा रुपयाचा. बत्तीचं एक टोक उजव्या वायरीवरून काढून अर्थला जोडायचं. दुसऱ्या टोकाला डाव्या आणि उजव्या, दोन्ही वायरी एकेका डायोडमधून आणायच्या, पांढरी पट्टी बत्तीकडे. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे डाव्याचा करंट उजव्यात शिरू शकत नाही.

सकाळी बॅटरी झोपलेली

रात्री ठीक होती, दोन दिवस उभी राहिली आणि सेल्फ बंद. इथे बॅटरीच्या व्होल्टेजचे तीन आकडे घ्यायचे. गाडी काही तास उभी असताना १२.६ किंवा जास्त. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर साडेनऊ-दहाच्या खाली जायला नको. गेला तर बॅटरी संपत आली. इंजिन चार हजार आरपीएमच्या आसपास असताना १३.८ ते १४.५. तेराच्या खाली राहिला तर चार्जिंग नाही, पंधराच्या वर गेला तर आरआर युनिट (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं आणि आता बल्ब आणि बॅटरी दोन्ही जाणार.

चार्जिंग नसेल तर आरआर युनिट विकत घेण्याआधी त्याच्याकडे येणाऱ्या तीन वायरींचं कपलर बघा, बहुधा त्या पिवळ्या असतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हे युनिट नको असलेला करंट शॉर्ट करून जिरवतं, म्हणजे दिवे चालू असोत वा बंद, वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून करंट सतत पूर्ण वाहतो आणि त्या तीन पिनांमधूनही. तिथे जरा गंज आला की पिन तापते, कपलरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं. युनिट बदललं, कपलर जुनंच ठेवलं, तर नवं युनिटही काही महिन्यांत परत येतं.

तिन्ही आकडे बरोबर असतील तर चावी बंद असताना कोणीतरी करंट पितंय. मायनस सोडून मल्टिमीटर मध्ये लावायचा, आधी १० अँपिअरच्या सॉकेटवर, आणि त्या अवस्थेत सेल्फ अजिबात मारायचा नाही. धड गाडीत काही मिलिअँपिअर दिसतात. ५० मिलिअँपिअर दिसले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर गेले. ५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांत निम्मी. संशयित कोण ते सांगायला नको: जीपीएस ट्रॅकर, अलार्म, हँडलवरचा मोबाइल चार्जर, फॉगलाइट, यातलं जे काही चावीच्या स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवरून टेप गुंडाळून घेतलंय ते. एकेक सोडत जा, आकडा कधी पडतो ते बघा.

फ्यूज राहतच नसेल तर

लावला की उडतो, लावला की उडतो. अशा वेळी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी भरणारे लोक अजूनही आहेत, आणि मग वायरिंगच पेटतं. त्याऐवजी फ्यूजच्या दोन पिनांना २१ वॅटचा बल्ब वायरींनी जोडा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, म्हणजे काही जळणार नाही. मग शांतपणे वायरिंग हलवत, कपलर एकेक सोडत जायचं. ज्या क्षणी बल्ब मंदावतो किंवा विझतो, तिथेच प्लस चेसिसला टेकलाय.

बीएस-६ गाड्या

एप्रिल २०२० नंतरच्या, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांत बसणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांनी वायरिंगचे नियम बदलले नाहीत, फक्त सहनशक्ती कमी केली. सेन्सर बहुधा ५ व्होल्टवर आणि अगदी थोड्या करंटवर चालतात. बल्बला न जाणवणारा गंजाचा पातळ थर त्यांचा आकडा खोटा करतो. मीटरवर बत्ती लागते, बिघाडाचा कोड एखाद्या सेन्सरचं नाव सांगतो, आणि हजारोंचा सेन्सर मागवला जातो. कोड फक्त एवढंच सांगतो की त्या सेन्सरकडून येणारा व्होल्टेज वेडावाकडा आहे. आधी त्याचं कपलर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पुन्हा बसवा, बॅटरी तपासा. सेल्फ अजिबात फिरतच नसेल तर साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच आणि किल स्विच हे तिघे आधी. साइड स्टँडचा स्विच चिखलात सगळ्यात खाली असतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘चार्जिंग बघायची’ जुनी पद्धत या गाड्यांवर कधीही करू नका. बॅटरी नसली की व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) जाऊ शकतो.

वायरिंग किट खरोखर बदलायची वेळही येते: वायरिंग जळलं असेल, उंदरांनी कुरतडलं असेल, किंवा आधीच्या मालकाने इतक्या ठिकाणी कापून टेप मारली असेल की रंगांचा पत्ता लागत नाही. तेव्हाही जुनं किट भंगारात देऊ नका. त्यातले कपलर आणि पिना नेमक्या तुमच्या गाडीच्या मापाच्या असतात, आणि सुटा तीन पिनांचा कपलर हवा असेल तेव्हा तो दुकानात सहज मिळत नाही.